सोळापैकी शून्य : क्लीव्हलंड ब्राउन्सचा २०१७ चा हंगाम

ईरीकाठ | १ जानेवारी २०१८

काल पिट्सबर्गला आमचा सोळावा सामना झाला आणि तोही आम्ही हरलो, २८-२४. सोळा सामने आणि एकही विजय नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, सोळा सामन्यांचा हंगाम सुरू झाल्यापासून असं याआधी एकदाच घडलंय, २००८ साली, डेट्रॉइट लायन्सच्या बाबतीत. त्यात आमचं आदलं वर्षही १-१५ असं गेलेलं. म्हणजे दोन वर्षांत बत्तीस सामने आणि जिंकलेला एक, २४ डिसेंबर २०१६ चा, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध २०-१७.

या फोरमवर अमेरिकन फुटबॉलवर फारसं कुणी लिहीत नाही, पण मला हे कुठेतरी मराठीत लिहून काढायचं आहे.

मी क्लीव्हलंडला आलो तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी शिकवलं. ते पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. २७ डिसेंबर १९६४ ला ते बारा वर्षांचे होते आणि तळ्याकाठच्या जुन्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये वडिलांशेजारी बसून त्यांनी बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्धचा २७-० असा जिंकलेला अंतिम सामना पाहिला होता. त्या तिकिटाचा तुकडा अजून त्यांच्याकडे आहे. त्यानंतर ब्राउन्सला विजेतेपद मिळालेलं नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं, तेव्हा हे शहर रस्त्यावर उतरलं आणि भांडून निदान संघाचं नाव, रंग आणि इतिहास इथेच ठेवून घेतला. तीन वर्षं इथे संघच नव्हता. १९९९ ला नवा मिळाला. बाल्टिमोरला गेलेल्यांनी मात्र पुढच्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. आजोबा त्या वर्षाबद्दल अजूनही बोलत नाहीत.

आता यंदाचं. हंगामाआधीचे चारही सराव सामने आम्ही जिंकले होते. पहिला सामना घरच्या मैदानावर, पिट्सबर्गशी, तीन गुणांनी गेला. इंडियानापोलिसला तीन गुणांनी. जेट्सशी तीन गुणांनी. टेनेसीशी जादा वेळेत १२-९, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसते फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू, तीन गुण), टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) एकही नाही. १० डिसेंबरला ग्रीन बेविरुद्ध शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा आम्ही २१-७ पुढे होतो. मी आणि आजोबा स्टेडियममध्ये होतो. तळ्यावरून येणारा वारा हातमोजे घालूनही बोटं बधिर करत होता. सतरा सेकंद उरले असताना त्यांनी बरोबरी केली, जादा वेळेत आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू त्यांच्या हातात गेला आणि संपलं. आजोबा उठले नाहीत. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होईपर्यंत बसून राहिले. मीही बसलो.

तो क्वार्टरबॅक डेशोन कायझर. ओहायोतल्याच टोलेडोचा, वय एकवीस. पंधरा सामन्यांत सुरुवात त्याने केली आणि पंधराही हरला. अकरा टचडाउन, बावीस इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास. आम्ही जितक्या वेळा चेंडू गमावला आणि जितक्या वेळा समोरच्याकडून मिळवला, त्यातला फरक उणे अठ्ठावीस आहे. इतक्यांदा चेंडू देऊन टाकल्यावर जिंकणं अवघडच. पण त्या पोराला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. तो अजून शिकत होता आणि त्याच्या बाजूला वाट दाखवणारा एकही अनुभवी क्वार्टरबॅक ठेवला नव्हता.

काल शेवटी चार गुण हवे होते... म्हणजे टचडाउनच हवा होता. चौथा डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि दोन यार्ड बाकी. कायझर चहूबाजूंनी घेरला गेला होता, त्यातून निसटला आणि पळता पळता त्याने चेंडू फेकला. अचूक. कोरी कोलमन एकटा मोकळा उभा होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा हंगाम मैदानावर हरला गेला नाही, तो दोन वर्षं आधी कार्यालयात हरायला सोडला होता. आज अनुभवी खेळाडू घ्यायचे नाहीत, पैसा वाचवायचा, ड्राफ्टमधल्या निवडी साठवायच्या आणि उद्या मोठं व्हायचं, असा तो बेत होता. उद्या येईलही. पण ज्यांची कारकीर्द मुळातच तीन-चार वर्षांची असते, त्यांचा आज कुणी कापून घेतला याचा हिशेब कोण देणार?

---

कोथरूडकर | १ जानेवारी २०१८

मनापासून लिहिलंय. मी पुण्यात बसून दोन वर्षं हा खेळ बघतोय. रविवारी रात्री साडेअकराला सुरू होतो, सोमवारी ऑफिसात डोळे चुरचुरतात. एक प्रश्न. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या गटात जातात. इथे दोन वर्षांत एक सामना जिंकून काहीच शिक्षा नाही? आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच का?

---

गणिती | २ जानेवारी २०१८

@कोथरूडकर, लिलाव नाही. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये रांग असते. कॉलेजमधून येणारे खेळाडू बत्तीस संघ सात फेऱ्यांत निवडतात आणि रांगेत पहिला मान सगळ्यात वाईट संघाला. म्हणजे शिक्षा तर नाहीच, उलट हरल्याबद्दल सर्वात चांगली निवड हातात येते. शिवाय रांगेतली आपली जागा दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात पुढच्या वर्षाच्या जागा घेता येतात. संघाचा कारभार पाहणारे साशी ब्राउन आणि बेसबॉलमधून आलेले पॉल डीपोडेस्टा यांनी हेच केलं. ह्युस्टनला क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वायलरचा त्या वर्षीच्या सोळा दशलक्ष डॉलर पगाराचा करार नकोसा झाला होता. तो आपल्या अंगावर घेतला आणि त्यासोबत ह्युस्टनची २०१८ ची दुसऱ्या फेरीतली निवड पदरात पाडून घेतली. या लीगमध्ये असा व्यवहार कुणी करत नव्हतं.

ईरीकाठ, तुमचं दुःख कळतं, पण मला हा बेत चुकीचा वाटत नाही. १९९९ पासून इथे दर दोन वर्षांनी नवा प्रशिक्षक, नवा क्वार्टरबॅक आणि पुन्हा तोच शेवट. पंचविसाहून अधिक क्वार्टरबॅक होऊन गेले. कुणीतरी धीर धरून पाया घालायलाच हवा होता. येत्या ड्राफ्टमध्ये पहिली आणि चौथी अशा दोन निवडी आपल्याकडे आहेत. गेल्या वर्षीच्या पहिल्या निवडीतून माइल्स गॅरेट आला. घोट्याच्या दुखापतीने चार सामने बाहेर होता आणि परतल्यावर पहिल्याच चालीत त्याने क्वार्टरबॅकला पाडलं. अकरा सामन्यांत असे सात सॅक. हाही याच हंगामाचा भाग आहे.

---

ईरीकाठ | २ जानेवारी २०१८

गणिती, मग त्याच बेताची दुसरी बाजूही मांडा. २०१६ ला दुसऱ्या क्रमांकाची निवड आपल्याकडे होती. ती फिलाडेल्फियाला दिली, त्यांनी कार्सन वेंट्झ घेतला. यंदा गुडघा जायच्या आधी तो वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या शर्यतीत होता. बदल्यात आलेल्यांपैकी एक निवड २०१७ ला बाराव्या क्रमांकाची ठरली. तीही ह्युस्टनला दिली, त्यांनी डेशॉन वॉटसन घेतला. ऑक्टोबरात त्याने आपल्यालाच ३३-१७ हरवलं. क्वार्टरबॅकसाठी तडफडणाऱ्या संघाने एकाच धाग्यातून दोन क्वार्टरबॅक सोडले.

आणि कालचा तो शेवटचा पास. वेंट्झच्या व्यवहारात जी आठवी निवड आली होती ती टेनेसीला देऊन पंधरावी घेतली, तो कोलमन. टेनेसीकडून आणखी मिळालेल्या निवडीतून पुढच्या वर्षी बावन्नावा आला तो कायझर. फेकणारा आणि सोडणारा, दोघे एकाच व्यवहारातून आलेले. मी काल रात्री हे कागदावर मांडत बसलो होतो. तक्ता पूर्ण झाला तेव्हा दोन वाजले होते.

---

गणिती | २ जानेवारी २०१८

हे दोघे तिथूनच आलेत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मान्य. निवडी साठवण्यात ते हुशार ठरले, निवडताना चुकले.

---

तीननद्या | ३ जानेवारी २०१८

मी पिट्सबर्गचा, स्टीलर्सवाला. रविवारी मैदानात होतो. आमच्याकडून बेन रॉथलिसबर्गर खेळला नाही, लेव्हियॉन बेल नाही, अँटोनियो ब्राउन जायबंदी. तरी तुम्ही हरलात. पण सांगायचं ते वेगळंच. कोलमनच्या हातून चेंडू सुटला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये आरडाओरडा झाला, आणि माझ्या पुढच्या रांगेत नारिंगी टोपी घातलेली एक बाई दोन हातांनी तोंड झाकून बसली होती. दोन तास गाडी चालवून आली असणार. मला आनंद झाला नाही. ही दोन्ही शहरं पोलादाची, कारखाने बंद पडल्यावरचे दिवस दोघांनी एकसारखे काढलेत. तुमचा संघ उभा राहिला पाहिजे. तुम्हाला हरवण्यात पुन्हा मजा यायला हवी.

---

मिशिगनकर | ३ जानेवारी २०१८

शीर्षक वाचूनच पोटात कालवलं. २००८ आम्ही डेट्रॉइटला काढलंय.

आमचेही सराव सामने तेव्हा ४-० होते. मग मिनेसोटाविरुद्ध आमचा क्वार्टरबॅक डॅन ओर्लोव्हस्की चेंडू घेऊन मागे धावता धावता स्वतःच्याच एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, रेषेबाहेर गेला आणि त्याला कळलंही नाही. त्याचे दोन गुण त्यांना मिळाले आणि सामना आम्ही १२-१० असा, बरोबर दोन गुणांनी हरलो. थँक्सगिव्हिंगला टेनेसीने ४७-१० ने झोपवलं. डिसेंबरात जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला सरकारकडे हात पसरावा लागला. आमच्या घरात तेव्हा रोज एकच चर्चा, यांची नोकरी राहते की जाते. ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. फेब्रुवारीत गेलीच.

रविवारी ते सामना लावायचे आणि मी म्हणायचे, अहो बंद करा, आहे तेवढं दुःख पुरे नाही का. ते म्हणायचे, हे माझं एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं आहे, ते बघू दे. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, आठवड्यातून तीन तास त्यांना स्वतःचं दुःख बाजूला ठेवायला जागा मिळत होती.

पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड आला आणि २७ सप्टेंबर २००९ ला वॉशिंग्टनला हरवलं, १९-१४. एकोणीस सामन्यांनंतर. स्टेडियम भरलेलंही नव्हतं. पण खेळाडू मैदानाबाहेर जाऊन परत आले, लोकांचे हात हातात घ्यायला. तुमचाही तो दिवस येईल. धीर धरा म्हणत नाही, तो तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्तच आहे.

---

थेम्सकाठी | ४ जानेवारी २०१८

२९ ऑक्टोबरला ट्विकेनहॅमवर ब्राउन्स आणि मिनेसोटाचा सामना होता, मी मुलाला घेऊन गेलो होतो. रग्बीचं मैदान. मध्यंतराला क्लीव्हलंड पुढे होतं! शेवटी ३३-१६ हरले. मुलाने त्या दिवशी नारिंगी शिरस्त्राण पाहिलं, ज्यावर काही चिन्हच नाही, आणि तेव्हापासून तो ब्राउन्सचाच. मला विचारतो, बाबा, आपण कधी जिंकणार? त्याने ‘आपण’ म्हटलं, ते ऐकून मी गप्प झालो.

---

बकआय | ७ जानेवारी २०१८

काल स्टेडियमभोवती लोकांनी मिरवणूक काढली. ०-१६ ची. वर्तुळात फिरायचं, म्हणजे शून्य. थंडी अशी की श्वास घेताना नाक आतून दुखत होतं, तरी हजारो लोक. मी गेले होते. काही खेळाडूंनी त्यावर उघड नाराजी दाखवली, ते समजू शकते. पण आतून बघितलं तर ती टवाळी नव्हती. फूड बँकेसाठी लोक पैसे आणि डबाबंद अन्न देत होते. माझ्या शेजारून एक आजी चालत होत्या, त्यांच्या कोटाला १९८० च्या दशकातला बिल्ला. मालकाला कळावं म्हणून आलेय, म्हणाल्या. ह्यू जॅक्सन १-३१ नंतरही प्रशिक्षकपदावर राहणार हे ऐकल्यावर लोकांना बोलायला दुसरी जागा कुठली उरली होती?

---

ईरीकाठ | ७ जानेवारी २०१८

बकआय, मी गेलो नाही. आजोबांना विचारलं होतं. म्हणाले, हरलेल्या पोरांच्या दारासमोर वाजतगाजत जाऊ नये. तुमचंही पटतं. पण मला त्या सोळा आठवड्यांतली एकच गोष्ट धरून ठेवायची आहे आणि तिच्यावर मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिता आलं नाही.

जो थॉमस. लेफ्ट टॅकल. म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीमागची, त्याला न दिसणारी बाजू राखणारा. हा माणूस चेंडूला हात लावत नाही, गुण मिळवत नाही, तो चुकला तरच टीव्हीवर दिसतो. २००७ ला तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा न्यूयॉर्कच्या झगमगाटात न जाता वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. पहिल्या वर्षी संघ १०-६ होता, तरी प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, हुकला. त्यानंतर दहा वर्षांत सातपेक्षा जास्त विजय कधीच नाहीत. त्याच्या संरक्षणाखाली वीस क्वार्टरबॅक बदलले. प्रशिक्षक बदलले, मालक बदलला. हा मात्र पहिल्या दिवसापासून एकही चाल बाहेर बसला नाही. १०,३६३ स्नॅप, म्हणजे चाली, सलग. दुखरे गुडघे घेऊन, ३०-३ ने मागे असताना, डिसेंबरच्या बर्फात, ज्या सामन्याचा कुणालाच उपयोग नाही त्यातसुद्धा.

२२ ऑक्टोबरला, टेनेसीविरुद्धच्या त्या १२-९ च्या सामन्यात, त्याच्या दंडाचा स्नायू फाटला. तो खाली बसला तेव्हा सत्तर-ऐंशी पावलांवरून सुद्धा लोकांना कळलं की काय झालंय. आधी पूर्ण शांतता. मग तो उठून हात पोटाशी धरून चालायला लागला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. आजोबांच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी पाहिलं, १९९५ बद्दल सांगतानाही नव्हतं.

गणिती, मी बेताला नावं ठेवतो ती या माणसासाठी. अकरा वर्षांत एकही प्लेऑफ सामना नाही. साठवलेल्या निवडींमधून उद्या जो संघ उभा राहील त्यात तो नसेल.

---

गणिती | ८ जानेवारी २०१८

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

कोथरूडकर | १५ मार्च २०१८

धागा वर काढतोय. जो थॉमस निवृत्त झाला. बातमी वाचल्यावर पहिली आठवण ईरीकाठ यांच्या पोस्टची आली. कायझरलाही ग्रीन बेला देऊन टाकलं. ज्यांच्याविरुद्ध तो सामना गेला त्यांच्याकडेच.

---

बकआय | २ जून २०१८

काल ह्यू जॅक्सननी ईरी तळ्यात उडी मारली. २०१६ नंतर म्हणाले होते, पुन्हा १-१५ झालं तर तळ्यात पोहेन. शब्द पाळला, सोबत संघाचे कर्मचारीही उतरले आणि त्यातून मानवी तस्करीतून सुटलेल्यांसाठीच्या कामाला पैसे दिले गेले. चांगलंच झालं. मला तळ्यातली उडी नको, सप्टेंबरात एक विजय हवा आहे.

---

गणिती | १७ सप्टेंबर २०१८

पहिला सामना पिट्सबर्गशी २१-२१ बरोबरी. काल न्यू ऑर्लीन्सला २१-१८ हार. आपल्या किकरने दोन फील्ड गोल आणि टचडाउननंतरच्या दोन किक चुकवल्या. आज त्याला काढलं. शेवटच्या विजयाला आता जवळपास एकवीस महिने होतील. मी बेताची बाजू घेणारा माणूस, पण काल टीव्ही बंद करून अंगणात जाऊन उभा राहिलो.

---

कोथरूडकर | २१ सप्टेंबर २०१८, सकाळी

जिंकलो!!! २१-१७, जेट्स! इथे पहाटे पावणेसहाला सुरू झाला. ०-१४ मागे होतो, आपला क्वार्टरबॅक टायरॉड टेलरला डोक्याला मार लागून बाहेर जावं लागलं, बेकर मेफील्ड आला आणि बघता बघता सगळं फिरलं. आई म्हणाली गणपतीसमोर एवढा आरडाओरडा कसला. म्हटलं आई, ६३५ दिवसांनी.

---

थेम्सकाठी | २१ सप्टेंबर २०१८

मुलाला रात्री उठवलं नव्हतं. सकाळी सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. शाळेत नारिंगी मोजे घालून गेलाय.

---

तीननद्या | २१ सप्टेंबर २०१८

अभिनंदन. मनापासून. २८ ऑक्टोबरला आमच्याकडे या, बघून घेऊ.

---

ईरीकाठ | २२ सप्टेंबर २०१८

गुरुवारी तिकीट नव्हतं. घरी गणपती, आरती झाल्यावर टीव्ही लावला. आजोबा त्यांच्या घरी, मी माझ्या घरी. ०-१४ झालं तेव्हा त्यांचा फोन आला, ‘बंद करू नकोस’ एवढंच म्हणाले.

मग मेफील्ड आला. मैदानावर उतरल्यापासून त्याच्या चालण्यातच वेगळेपण होतं, दोन वर्षांची ती सवय त्याच्या अंगावर नव्हतीच. बरोबरी करताना दोन गुणांसाठी जार्व्हिस लँड्रीने चेंडू उलटा त्याच्याकडेच फेकला आणि क्वार्टरबॅकने तो झेलला. कार्लोस हाइडने शेवटचा टचडाउन केला. घड्याळ संपलं तेव्हा शहरातल्या बारमध्ये पहिल्या विजयासाठी महिनाभर कुलूपबंद ठेवलेले बीअरचे फ्रीज आपोआप उघडले, ते नंतर बातम्यांत पाहिलं. आमच्या गल्लीत लोक दारं उघडून पायऱ्यांवर आले होते. कुणी काही बोलत नव्हतं, नुसते एकमेकांकडे बघून हात हलवत होते.

साडेअकराला आजोबा आमच्या दारात. हातात ते १९६४ चं तिकीट, प्लास्टिकच्या पाकिटात. बूट काढले, आत आले, गणपतीसमोर ते क्षणभर ठेवलं, मग उचलून परत खिशात घातलं. बायकोने मोदक दिला. तो उभ्यानेच खाल्ला आणि म्हणाले, जो थॉमस असायला हवा होता.

गणिती, मेफील्ड पहिल्या निवडीचा. चौथ्या निवडीतून आलेला डेन्झेल वॉर्ड आणि ऑस्वायलरच्या व्यवहारातून आलेला निक चब हेही त्या रात्री आपल्याच संघात होते. तुमचा मुद्दा मी वाचतोय, नाकारत नाही. माझा मुद्दाही मी मागे घेत नाही.

---

गणिती | २२ सप्टेंबर २०१८

घेऊ नका. ३० तारखेला ओकलंडला सामना आहे. आजोबा बघणार असतील तर यंदा मी तुमच्याकडे येतो, वडे घेऊन.